आजोबांचा कागद मोडीत, आजचा उतारा कानडीत

पंधरवड्यापूर्वीची गोष्ट. संघटनेच्या कचेरीत एक वयस्कर गृहस्थ आले. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दोन कागद. पहिला कागद पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला, मोडी लिपीतला. पणजोबांच्या वेळचे वाटणीपत्र असावे, असा त्यांचा अंदाज. दुसरा कागद त्याच जमिनीचा संगणकीय उतारा, संपूर्ण कानडीत. दोन्ही कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "पहिला कागद वाचणारं घरात कोणी उरलं नाही आणि दुसरा वाचणारं कोणी तयार झालं नाही. मधल्या मध्ये आम्ही फक्त सह्या करत आलो."

खरे सांगायचे तर त्या कागदांपुढे आम्हीही निरक्षरच होतो. पण त्यांच्याबरोबर त्यांची नात आली होती. कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने मोडी कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि अक्षरावर बोट ठेवत, अडखळत का होईना, गावाचे नाव, सन आणि दोन भावांची नावे वाचून दाखवली. आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. कुठे शिकलीस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मोबाईलवर. यूट्यूबवर बाराखडी बघितली, मग मोडी शिकवणाऱ्या एका व्हॉट्सॲप गटात शिरले. रोज एक ओळ येते, ती वाचून पाठवायची. चुकलं तर तिथले काका सांगतात." आणि शिकावेसे का वाटले? "आजोबा रोज संध्याकाळी ही पिशवी काढून बसतात, मला बघवेना."

या एका उत्तरात आजच्या अग्रलेखाचा विषय आला. मोबाईल आज घरोघर आहे. २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत, अगदी निपाणीच्या वखारीपासून कणकुंबीच्या घाटापर्यंत, रेंज मिळेल तिथे माणसे त्यात डोके घालून बसलेली दिसतात. घरातली वडीलधारी मंडळी त्याला शिव्या घालतात, आणि रात्री जेवणानंतर स्वतःही तेच करतात. प्रश्न मोबाईल चांगला की वाईट हा नाही. एकच यंत्र एकाला मोडी शिकवते आणि दुसऱ्याला दिवसभर 'शुभ सकाळ'च्या फुलांत गुंतवून ठेवते. असे का होते? माणसाला त्यावर शिकावेसे कधी वाटते? याचा विचार आपण, सीमाभागातल्या मराठी माणसांनी, इतरांपेक्षा जरा अधिक करायला हवा. कारण शिकण्याच्या सरकारी वाटा आपल्यासाठी कधीच फारशा रुंद नव्हत्या.

टाळेबंदीचे वर्ष आठवा. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांकडे जाऊ लागला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. कर्नाटकाने ऑगस्टमध्ये 'विद्यागम' योजना काढली, शिक्षक गल्लीत, देवळाच्या ओसरीवर मुलांना शिकवू लागले. साथ वाढल्यावर ऑक्टोबरमध्ये तीही थांबवावी लागली. आपल्या मराठी शाळांतली मुले या दोहोंच्या मधोमध होती. महाराष्ट्राचे धडे भाषेने आपले, पण पुस्तके बालभारतीची. आपल्या मुलांच्या दप्तरात पुस्तके कर्नाटकाची. तरीही काही घरांतून मुले शिकली आणि काही घरांतून तोच मोबाईल नुसता खेळासाठी राहिला. आमच्या पाहण्यात फरक पैशाचा थोडा होता आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा फार होता. जिथे आई, आजोबा किंवा वरच्या वर्गातली ताई "आज काय आलं बघू" म्हणून विचारत होती, तिथे अभ्यास झाला. विचारणारे कोणी नव्हते, तिथे धडा न उघडता पडून राहिला.

म्हणजे पहिली गोष्ट ही की, माणूस शिकतो तो कोणीतरी वाट पाहत आहे म्हणून. त्या नातीची वाट आजोबा पाहत होते.

दुसरी गोष्ट लाजेची आहे. सलमान खान नावाचा एक अमेरिकेतला तरुण (नट नव्हे, दुसरा!) २००४ साली दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या चुलत बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला. पुढे भावंडे वाढली तेव्हा २००६ मध्ये त्याने धडे यूट्यूबवर ठेवले. त्यातूनच आज जगभर वापरली जाणारी खान अकादमी उभी राहिली. भावंडांचे म्हणणे मोठे गमतीचे होते. समोर बसून शिकवण्यापेक्षा यूट्यूबवरचा दादा त्यांना जास्त बरा वाटला, कारण समजले नाही तर धडा मागे घेऊन दहा वेळा बघता येतो आणि दादा वैतागत नाही. आपल्याकडे चाळिशीपुढच्या माणसाला "मला येत नाही" हे चारचौघांत म्हणणे किती जड जाते ते आपण जाणतो. त्यातून घराणे जुने, गावात मान असलेले असेल तर विचारायलाच नको! पाटलांना उतारा वाचता येत नाही, हे पाटलांनी कुणाला सांगायचे? मोबाईलपुढे ही लाज वाटत नाही, आणि तीच त्याची मोठी ताकद आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. मोबाईलवर शिकणारा माणूस बहुधा आपल्या भाषेत शोधतो. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. बालभारतीची पुस्तकेही तशीच उतरवून घेता येतात. मोडी लिपीला तर २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे संगणकाच्या जगात तिचे नाव नोंदले गेले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण बेळगावात पेढे वाटले. पण अभिजात म्हणजे जुनी आणि समृद्ध. त्या जुनेपणाचा पुरावा आपल्याच माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी खात पडला असेल, तर ते पेढे कशाचे?

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि ती आपल्या जिव्हाळ्याची. एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना त्याबद्दल पैसे दिले, काहींना नाही. ज्यांना पैसे मिळाले त्यांचा मोकळ्या वेळातला कोड्यांतला रस पुढे कमी झाला. बाकीचे आपखुशीने खेळत राहिले. पुढे डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी यावर आयुष्यभर काम केले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, माणसाला शिकण्याची ओढ लागायला तीन गोष्टी लागतात. आपण हे स्वतःच्या मर्जीने करतो आहोत असे वाटणे, आपल्याला हे जमू लागले आहे असे वाटणे आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत असे वाटणे.

हे सीमाभागाला सांगायला अमेरिकेतून कोणी यायची गरज नव्हती. सक्ती म्हणजे काय ते आपण १९८६ च्या जूनमध्ये पाहिले. कन्नड सक्तीविरुद्धच्या त्या आंदोलनात गोळीबारात गेलेल्या आपल्या माणसांना आपण दर वर्षी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर अभिवादन करतो. त्याउलट निपाणीच्या बाजारात, बेळगावच्या भाजी मंडईत, बिडीच्या कारखान्यात शेजारी बसून काम करणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या एकमेकींची भाषा सहज बोलत आल्या. त्यांना कोणी परिपत्रक काढून शिकवले नव्हते. शेजार होता, गरज होती आणि वर जबरदस्ती नव्हती. त्यातला गोडवा सक्ती आली तिथे विटला.

याच संदर्भात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची आठवण होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बरोबरच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून धडा मोबाईलवर आणण्याच्या त्यांच्या कामाचा गाजावाजा झाला. पण आपल्याला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कानडी आहे हे पाहून या मराठी शिक्षकाने स्वतः कानडी शिकून घेतली आणि पुस्तके मुलांच्या भाषेत आणली. कोणत्या सरकारने त्यांच्यावर सक्ती केली होती? समोरचे मूल कळत नव्हते, एवढेच कारण. आपल्या मराठी मुलांकडे असे पाहणारी नजर कर्नाटक शासनाकडे असावी, ही आपली मागणी आहे. घटनेच्या ३५०क अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असे १९५६ पासून सांगून ठेवले आहे. ती मागणी आपण सोडलेली नाही आणि सोडणारही नाही.

आता त्या दुसऱ्या कागदाकडे वळू. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. पुढे कर्नाटकाने 'भूमी' योजनेत २००० सालच्या आसपास शेतीचे उतारे संगणकावर घेतले, हाताने लिहिलेले उतारे व्यवहारातून गेले आणि छापील उतारा कानडीत हाती पडू लागला. मराठीतून कागद मिळावेत म्हणून आपण अर्ज केले, मोर्चे काढले, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळे चालूच राहील. पण तोवर आपल्या जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे का? नावात झालेली चूक, गुंठ्यात झालेला फरक, आपल्याला न कळता चढलेला बोजा, हे सगळे वाचता न येणाऱ्याचे नुकसान आहे. पुणे किंवा मुंबई येऊन ते भरून देणार नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही आता कानडी शिका म्हणून सांगणार? हो, सांगतो, आणि मान ताठ ठेवून सांगतो. सक्तीला विरोध करणे आणि स्वतःच्या हक्कासाठी स्वतः होऊन शिकणे यांत भांडण नाही. उलट ज्याला कागद वाचता येतो त्याचाच अर्ज अधिकाऱ्याला झिडकारता येत नाही. आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. कानडी वर्णमालेचा क्रम आपल्याच वर्णमालेचा आहे. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ तेवढे वेगळे ओळखावे लागतात. लिपी डोळ्यांत बसली की उताऱ्यावरचे शब्द पाहून तुम्हाला हसू येईल. हिस्सा, खाते, आकार, खराब, गुंठे, हक्क, ऋण! निम्मा कागद आपल्याच ओळखीच्या शब्दांचा आहे, वरचा अंगरखा तेवढा निराळा.

मोडीचेही तसेच. शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विचार करायचा नाही, अशी तिची चाल. सनही बऱ्याच वेळा खमस, सीत, सबा अशा अरबी आकड्यांत लिहिलेले असतात. एकट्याने बसले तर माणूस दोन दिवसांत कंटाळतो. दहा जण मिळून रोज एक ओळ वाचू लागले तर तीन महिन्यांत ती लिपी बोलू लागते. आमच्या देशपांडे, देसाई, कुलकर्णी, पाटील घराण्यांतून, आणि बारा बलुतेदारांच्या घरांतूनसुद्धा, सनदा, करारनामे, हिशेबाच्या वह्या आजही निघतात. त्यांत या मातीतल्या मराठीचा इतिहास आहे, आणि तो वाचायला पुण्याहून कोणी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मग हे मोबाईलवर होत का नाही? सीमाभागात मराठी माणसांचे व्हॉट्सॲप गट थोडे आहेत का? गल्लीचा, गावचा, तालमीचा, गणेश मंडळाचा, भावकीचा, लढ्याचा. आम्ही आमच्याच गटांकडे पाहिले आणि शरमलो. सकाळी फुले, दुपारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, संध्याकाळी कुठल्या तरी चौकातल्या भांडणाची चित्रफीत. कोणी टाकली, कधीची, खरी की खोटी, विचारायची पद्धत नाही. बातमी येते, पण समज येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. ही बातमी सगळ्या गटांवर फिरली, अभिनंदनाचे अंगठे पडले. पण रुग्णाने कोणते कागद घेऊन कुठे जायचे, हे किती गटांनी समजावून सांगितले? योजनेचा लाभ अभिनंदनाने मिळत नसतो.

आणि नुसत्या पुढे ढकलण्याची सवय कुठवर नेते ते २०१८ मध्ये दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलैला पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात आपल्या सीमेवरच्याच बीदर जिल्ह्यातही अशाच अफवेने एका तरुणाचा जीव घेतला. ते मारणारे लोकही कुणाचे तरी काका-मामाच होते. त्यांना मोबाईल वापरता येत होता, विचारता येत नव्हते. सीमाभागात तणावाचे दिवस येतात तेव्हा ही गोष्ट आपण दहा वेळा आठवली पाहिजे.

जुन्या काळी क्युबात चिरूट वळणारे कामगार वर्गणी काढून एक वाचक ठेवत. हात तंबाखूत, कान वाचनाकडे. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत ही चाल होती. केरळात बिडी कामगारांनीही वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेण्याची प्रथा पाडली, आणि त्यातून तिथले कामगार राजकारणात शहाणे झाले. निपाणी तर तंबाखूचेच गाव. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाने देशाला आपले नाव ठाऊक झाले. आज बिडी वळणाऱ्या बाईच्या शेजारी मोबाईल गात असतो. तो अर्धा तास गाण्याऐवजी पेन्शनचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीची माहिती वा एखादी चांगली कथा वाचून दाखवू लागला तर तेही वाचनालयच होईल. टंकता न येणाऱ्याला आवाज पाठवता येतो. अक्षरओळख नसणे हा आता शिकण्याला अडसर नाही.

म्हणून नुसता उपदेश न करता आम्ही एक साधा कार्यक्रम सुचवतो.

प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत पंधरा-वीस माणसांचा एकच शिकण्याचा गट करावा. शंभरांचा केला की सगळे बघे होतात. त्यात रोज दोनच गोष्टी याव्यात, एक मोडीची ओळ आणि एक उताऱ्यावरचा कानडी शब्द. ज्याला कळले त्याने लिहावे, ज्याला नाही त्याने विचारावे, आणि हसणाऱ्याला गटातून नव्हे तर घरी जाऊन वडीलधाऱ्यांनी समजावावे. गटात एक जाणते माणूस चुका सांगायला असावे. निवृत्त शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांनाही कोणीतरी विचारावे अशी आस आहे. पुरावा नसलेला मजकूर पुढे ढकलायचा नाही, हा नियम सगळ्यांना सारखा, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनाही. आणखी एक सावधगिरी: गटावर कागद टाकताना सर्व्हे नंबर, आधार क्रमांक, सही झाकूनच टाकावी. शिकायला अक्षर लागते, तुमची मिळकत चव्हाट्यावर मांडायचे कारण नाही.

आणि रविवारी संध्याकाळी तासभर प्रत्यक्ष भेटावे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा अशा गावांनी वर्षातून एकदा साहित्य संमेलने भरवून दाखवली आहेत. मांडव घालायची ताकद आपल्यात आहे. इथे मांडवही लागत नाही. वाचनालयाची एक खोली, एक सतरंजी, आणि घरातला एक जुना कागद. मोबाईलने उत्सुकता लावावी आणि ती टिकवायला माणसाने भेटावे, हीच त्याची रीत आहे. रेंज न मिळणाऱ्या खानापूरच्या रानातल्या गावांना तर भेटीचाच आधार आहे, त्यांना विसरून चालणार नाही.

ते गृहस्थ गेले तेव्हा आम्ही त्यांना कानडी उताऱ्यावरचा एक शब्द दाखवला. आमच्यातल्याच एका तरुण कार्यकर्त्याने तो वाचला होता: हिस्सा. ते थबकले. "हे तर आपलंच की," म्हणाले. मग नातीकडे वळून म्हणाले, "हे पण शिकून घे बाई. आणि मला पण सांग."

सत्तरी उलटलेल्या माणसाला शिकावेसे वाटले. ना परीक्षा, ना बक्षीस, ना सक्ती. कागद आपला होता आणि शिकवणारी आपली होती. सीमाबांधवहो, लढा रस्त्यावर चालेल, न्यायालयात चालेल, पण तो घरातही चालला पाहिजे. आज रात्री जेवणानंतर माळ्यावरची ट्रंक खाली घ्या आणि घरातल्या पोरांना विचारा, यातले तुला काय वाचता येते. ती नाही म्हणाली तर रागावू नका. तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा.